कमलाक्का, बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या

कमलाक्का,

तुमच्या तेराव्याला मी खोटं बोललो. जेवणाच्या पंगतीत, केळीच्या पानावर दुसऱ्यांदा भात वाढून झाल्यावर. तुमचा भाचा गुरुराज माझ्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "अंकल, तुम्ही मराठी मंडळाच्या लायब्ररीत अक्काबरोबर असायचात. अक्का पीत होती, हे तुम्हाला माहीत होतं?" मी भातात सार कालवत होतो. वर न बघताच म्हणालो, "छे, छे. मला काहीच कल्पना नाही."

झालं होतं असं. सकाळी गुरुराजच्या बायकोने, वीणाने, तांब्याची भांडी काढायला देवघरातलं खालचं कपाट उघडलं. भांड्यांच्या मागे तुमच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेल्या तीन बाटल्या निघाल्या. पांढऱ्या वाइनच्या, आडव्या झोपवलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी. तुमचं अक्षर घरात कोण ओळखत नाही? दुपारपर्यंत पंगतीतल्या शेवटच्या माणसापर्यंत बातमी पोहोचली होती. बाटल्या देवाच्या खाली निघाल्या, ह्याचा धक्का बाटल्या निघाल्या ह्याच्यापेक्षा मोठा होता.

माझ्या शेजारी तुमच्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, बिचारी! एकटीच होती ना. एकटीच बसून पीत असेल." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. पिण्याबद्दल कुणाचा फारसा राग नव्हता, अक्का. तुमच्या वयामुळे असेल किंवा मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून असेल. पण ती कीव मला ऐकवेना. एका वाक्यात मला ती थांबवता आली असती. मी भात संपवला, वर ताकही मागून घेतलं.

खरी गोष्ट अशी की सहा वर्षांत तुम्ही माझ्याशिवाय एक घोटही घेतला नाहीत. हे फक्त मला माहीत आहे, आणि मी 'कल्पना नाही' म्हणालो.

तुम्हाला पहिल्यांदा भेटलो ते तुम्ही सांभाळायच्या त्या मंडळाच्या लायब्ररीत. सुमन जाऊन वर्ष झालं होतं आणि तिने आणलेली चार पुस्तकं घरात तशीच पडली होती. बायकोच्या आजारपणात आणि नंतर पुस्तकं परत करायचं कुणाला सुचतं? मी ती पिशवीत घालून आणली आणि आता ह्या बाई काय बोलतात म्हणून उभा राहिलो. तुम्ही चारही पुस्तकं उघडून बघितलीत, एकातून सुमनची खूण म्हणून ठेवलेली बसची तिकिटं काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "ही तुमची. पुस्तकं आमची. सरी, बरं, आता तुमच्या नावावर काय देऊ?" मी म्हणालो मी वाचत नाही. तुम्ही म्हणालात, "मग बसा तरी. स्वल्प वेळ पंखा तरी घ्या." मी बसलो.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तुम्हाला माझ्या निवृत्तीच्या बाटलीची गोष्ट सांगितली. आमच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं तापमापकं तपासली. निरोपाच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी मला पांढऱ्या वाइनची बाटली दिली. घरात कुणी पिणारं नाही, पण इतकी उंची वस्तू, म्हणून मी ती जपायचं ठरवलं. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, एवढं मी कुठेतरी ऐकलं होतं. फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशव्यांशेजारी, तिला चार वर्षं उभी ठेवली. दिवसातून वीस वेळा दार उघडायचं, वीस वेळा ती हिंदकळायची. सुमन गेल्यावर एका दुपारी एकटा बसून ती उघडली, तर आत काळ्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं आणि त्याला व्हिनेगरचा वास येत होता. मला वाटलं, मुरली असेल. मी अर्धा पेला प्यायलोसुद्धा.

तुम्ही इतक्या हसलात की वाचनालयातल्या दोन माणसांनी वर बघितलं. "मुरायला ते काय आंब्याचं लोणचं आहे, लिमये?" मग हसू आवरून मला म्हणालात, "पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची असते. बहुतेक सगळ्या. ठेवली म्हणजे जपली असं नाही." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही दाराकडे एकदा बघितलंत आणि मग सांगितलंत. पस्तिशीत असताना नोकरीतल्या संस्थेने तुम्हाला सहा महिने जर्मनीला ग्रंथालयाच्या कामासाठी पाठवलं होतं. तिथली घरमालकीण रविवारच्या जेवणाबरोबर एक पेला पांढरी वाइन द्यायची. तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांपलीकडे, ती बाटल्या आडव्या घालून ठेवायची. तिथे अंधार असायचा आणि बारा महिने बारा डिग्री. तुम्ही परत आलात, नोकरी केलीत, आई-वडिलांचं केलंत, आणि तो रविवारचा पेला चाळीस वर्षं कुणाला सांगितला नाहीत.

"अजून चव आठवते?" मी विचारलं.

"आठवते की. पण कोण आणून देणार मला? ह्या वयात दुकानात जाऊन उभी राहू?"

मी आणून दिली. आपल्या मल्लेश्वरममध्ये घ्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मेट्रोने यशवंतपूरला गेलो, कापडी पिशवी घेऊन. दुकानदाराने काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली पुढे केली. तुम्ही बजावून पाठवलं होतं, म्हणून मी "आतली द्या" म्हणालो. तो म्हणाला, "एल्ला ओंदे, सर," सगळ्या सारख्याच. मी हट्ट धरला, तेव्हा तो कुरकुरत मागच्या खोलीत गेला. येताना मी आठव्या क्रॉसच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पिशवीत वर ठेवली.

प्रश्न ठेवायच्या जागेचा होता. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची, एप्रिलात चौतीस डिग्रीच्या खाली येत नाही. तुमचं घर बैठं, जाड भिंतींचं, खाली लाल कोब्याची गार फरशी. मी सवयीने माझी तापमापकं आणली. पंधरा दिवस तुमच्या घरात सात ठिकाणी ती टांगून ठेवली, सकाळी सातला तुम्ही वाचायच्या आणि दुपारी तीनला मी. स्वयंपाकघर बाद, माळा बाद. तुमचं पुस्तकांचं कपाट बरं होतं, सव्वीस. देवघराला खिडकी नव्हती. तिथलं खालचं कपाट सकाळी चोवीस, दुपारी चोवीस. मी तुम्हाला सांगितलं की बारा डिग्री बंगळूरात फ्रिजशिवाय मिळणार नाही, पण वर-खाली होत नाही हे जास्त महत्त्वाचं. फ्रिजमध्ये दोन-चार आठवडे चालेल, वर्षभर नाही, तिथली हवा कोरडी असते आणि यंत्राची थरथर सतत चालू. वाइनला हिंदकळणं, ऊन आणि रोजचा चढउतार सोसत नाही. हे सगळं सांगितल्यावर मी देवघराचं नाव यादीतून खोडून टाकलं.

"का खोडलंत?" तुम्ही विचारलंत.

"अहो, देवाच्या खाली?"

"गणपतीचं मखर आपण वर्षभर तिथेच ठेवतो ना? अंधार आणि गारवा म्हणूनच की. मग बाटलीने काय पाप केलंय? देव वर बसलेत, बाटली खाली झोपलेली. कुणाचा कुणाला त्रास नाही."

तुम्ही कपाट उघडलंत, कलश आणि ताम्हन पुढे सरकवलंत आणि मागे साडीची घडी अंथरलीत. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची, हे मी वाचून आलो होतो; घरमालकिणीकडे आडव्या बघूनही तुमच्यातल्या ग्रंथपालाला त्याचं कारण फारसं पटलं नाही. पुस्तकं उभी आणि बाटल्या आडव्या, पुस्तकाला ओल चालत नाही आणि बुचाला कोरडं चालत नाही, सगळंच उलटं की हे, असं पुटपुटत तुम्ही चिठ्ठी लिहिलीत. आल्याची तारीख आणि खाली, ह्या तारखेच्या आत संपवणे.

तशी आपली पद्धत बसली. बंद बाटल्या तुमच्याकडे, उघडलेली माझ्याकडे. तुमचा फ्रिज स्वयंपाकाच्या बाई रोज उघडायच्या आणि रविवारी वीणा. शनिवारी बाई एक वाजता गेल्या की तुम्ही बाटली फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि चारला मी यायचो. स्टीलच्या पेल्यांतून प्यायचो, म्हणजे कुणी आलंच तर ताक समजेल. बरोबर कुरकुरीत कोडबळी. तुम्ही दुसऱ्यांदा ओतताना पेल्यावर हात धरायच्या आणि "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणायच्या, आणि हात काढायच्या. उरलेली बाटली बूच घट्ट लावून मी घरी न्यायचो आणि फ्रिजच्या आतल्या कप्प्यात उभी ठेवायचो, कारण उघडलेली उभीच ठेवावी, हवा कमी लागते. तीन-चार दिवसांत चव जाते, म्हणून मंगळवारी ती थर्मासमध्ये भरून परत तुमच्याकडे. मधल्या दिवसांत मी त्या बाटलीला हात लावत नसे आणि तुम्ही तुमच्या बाटल्यांना. असं कुणी ठरवलं होतं का? मला आठवत नाही. पण ते कधी मोडलं नाही.

काय बोलायचो आपण? आता आठवू बघतो तर फारसं काही आठवत नाही. तुम्ही कानडी पेपरातली बातमी वाचून दाखवायच्या. मी सुमनबद्दल बोलायचो आणि तुम्ही ऐकायच्या, त्याच त्या गोष्टी. कधी नुसतंच बसायचो. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, त्या मी मोजायचो. मला वाटायचं ह्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि आता कुणाला तरी सांगायचं म्हणून जीव कासावीस होतो.

भांडायचो मात्र मनापासून. कापराचं भांडण तर शेवटपर्यंत सुटलं नाही. देवघरात रोज कापूर जळायचा, आणि सहा महिने तिथे राहिलेल्या बाटलीला कापराचा वास लागतो, असं माझं म्हणणं. बुचातून वास आत जातो, उग्र वासाच्या जागी वाइन ठेवू नये, हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. तुमचं म्हणणं, कापराचा वास बाटलीत नाही, तुमच्या नाकात आहे, लिमये, कारण देवाखालची वाइन प्यायची तुम्हाला भीती वाटते. मी एकदा एक बाटली मुद्दाम पुस्तकांच्या कपाटात ठेवली आणि मग दोन्हीकडच्या बाटल्या डोळे मिटून चाखल्या. तुम्ही पेल्यांची अदलाबदल केलीत की नाही हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मी चुकीचा पेला दाखवला असं तुम्ही म्हणालात. अक्का, खरं सांगा, अदलाबदल केली होती ना?

आणि शेवटचं भांडण. ते लिहायचं टाळत इथपर्यंत आलो.

त्या शनिवारी तुम्ही पेला खाली ठेवून म्हणालात, "मी गुरुराजला सांगून टाकते."

"काय?"

"हेच. शनिवार. ही बाटली. लपवायचं वय राहिलंय का आपलं? परवा वीणाने कपाटात तूप शोधलं, माझा जीव वर गेला. बेडा बा हे, नको. चांगलं वाटत नाही मला. चोरी केल्यासारखं होतं."

मी पहिल्यांदा तुमच्यावर आवाज चढवला. मंडळातले लोक काय म्हणतील, माझ्या अमितला पुण्यात कळलं तर, बायको जाऊन आठ वर्षं नाही झाली आणि म्हातारा एका बाईकडे जाऊन पितो, वगैरे वगैरे. मी वाटेल ते बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुम्हाला लोक आहेत, लिमये. मला शनिवार आहे." तुम्ही रागावला नव्हतात, तेच जास्त लागलं. मी अर्धी बाटली पिशवीत घातली आणि निघालो.

मंगळवारी मी थर्मास भरला नाही. रुसून बसलो होतो, बहात्तराव्या वर्षी. वाटलं, शनिवारी जाईनच की. गुरुवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. मी चष्मा पुसून तीनदा बघितलं.

अमितचा फोन आला, त्याला म्हणालो, "ओळखीच्या एक बाई वारल्या." तो म्हणाला, "अरेरे. बाबा, पाणी पीत जा, ऊन फार आहे." त्याची काय चूक? ओळखीच्या बाई गेल्यावर माणूस दुसरं काय बोलेल? त्यानंतर दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी मी पावणेचारला इस्त्रीचा शर्ट घातला होता, चपला घालताना लक्षात आलं. दुसऱ्या शनिवारी घातला नाही, नुसता घड्याळाकडे बघत बसलो. कुणाचं कुणी गेलं की घरी माणसं येतात. माझ्याकडे यायचं कुणाला कारणच नव्हतं. ते कारण मीच सहा वर्षं लपवून ठेवलं होतं.

फ्रिजमध्ये अर्धी बाटली तशीच आहे. रंग बदललाय. चाखून बघितलेली नाही.

काल, शुक्रवारी, मी तुमच्या घरावरून गेलो. मुद्दाम नाही असं म्हणणार होतो, पण तुमच्याशी काय खोटं बोलायचं? मुद्दामच गेलो. फाटकातून मागची धुणं धुवायची शिळा दिसते. तिच्यावर तीन बाटल्या उभ्या होत्या, भर दुपारच्या उन्हात. साडी काढून टाकलेली, चिठ्ठ्या फडफडतायत. भंगारवाल्याला द्यायला ठेवल्या असतील.

अक्का, मी लोकांसमोर तुम्हाला नाकारलं, तेव्हा मला भात खाववला. पण त्या बाटल्या उन्हात उभ्या बघून माझे पाय पुढे जाईनात. सहा वर्षं चोवीस डिग्री सांभाळली आपण. एप्रिलातलं एक दुपारचं ऊन पुरतं, आतली वाइन तापून फुगते, बूच वर सरकवते, संपतं सगळं. मी फाटक उघडलं, शिळेपाशी गेलो आणि बाटल्या एकेक करून सावलीत, भिंतीच्या कडेला आडव्या ठेवू लागलो. हात भाजेल इतकी काच तापली होती.

"अंकल?" गुरुराज मागच्या दारात उभा होता. घर आवरायला बेळ्ळंदूरहून रजा काढून आला होता. "काय करताय?"

"उन्हात नको ठेवू," मी म्हणालो. "खराब होते."

"टाकायच्याच आहेत ना त्या."

"तरीपण नको. आणि उभ्या नको. बूच सुकतं."

तो पायऱ्या उतरून आला. बराच वेळ माझ्याकडे आणि बाटल्यांकडे बघत राहिला. हुशार आहे तुमचा भाचा. "ही साडीत गुंडाळून ठेवायची आयडिया," तो हळूच म्हणाला, "अक्काची होती की तुमची?"

"साडी तिची. आडवी ठेवायचं माझं."

मग मी सांगितलं. शिळेवर बसून, तोंडाला येईल तसं. तापमापकं, स्टीलचे पेले, थर्मास, कापूर. तुम्ही सांगणार होतात आणि मी अडवलं, तेही. तेराव्याला मी खोटं बोललो, तेही. म्हणालो, "गुरुराज, अक्का एकटी पीत नव्हती. एकटीने एक थेंब घेतला नाही तिने कधी. तेवढं त्या बाईंना सांग, ज्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाकी माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा." बोलताना मी तुम्हाला 'तिने' म्हणत होतो हे मला घरी आल्यावर जाणवलं.

मला वाटलं तो चिडेल. वीणाही दारात येऊन उभी राहिली होती. तिने आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. गुरुराजने विचारलं, "किती वर्षं?"

"सहा."

"दर शनिवारी?"

"आणि मंगळवारी."

त्याने एक बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, परत आडवी ठेवली. "आम्हाला वाटायचं, शनिवारी अक्का फोन का उचलत नाही. वीणा म्हणायची झोपत असेल." मग म्हणाला, "अंकल, तुमच्याकडे कुणी आलं होतं का? समाचाराला?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. "माझ्याकडे? माझ्याकडे कशाला कोण येईल?"

वीणाने मान खाली घातली. बाटल्यांचं काय करायचं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मी घरी आलो.

आज शनिवार. चार वाजता दाराची बेल वाजली. गुरुराज आणि वीणा. हातात काही नव्हतं, अशा वेळी रिकाम्या हातानेच यायचं असतं. दोघं सोफ्याच्या कडेला बसले, समाचाराला आलेली माणसं बसतात तसे, मागे न टेकता. मी पाणी दिलं. चहा विचारला, तर वीणा "नको, अंकल" म्हणाली. मग तिने, घरच्या माणसाला विचारतात तेच विचारलं, "झोप लागते का? जेवता ना नीट?"

मी म्हणालो, नाही. दोन्हीचं उत्तर एकच होतं. मग मी तुमच्याबद्दल बोललो. तुम्ही साकु म्हणून हात कसा धरायच्या आणि काढायच्या, ते करून दाखवलं, तेव्हा गुरुराज हसला आणि लगेच त्याचे डोळे भरले. त्याने सांगितलं की लहानपणी तुम्ही त्याला दुधाचंही असंच करायच्या. हे मला माहीत नव्हतं. तुमच्याबद्दलची एक गोष्ट मला दुसऱ्याकडून कळली, अक्का. इतके दिवस तसं कुणी नव्हतंच.

अर्ध्या तासाने ते उठले. दारात चपला घालताना गुरुराजने माझे दोन्ही हात धरले, जरा वेळ धरून ठेवले आणि सोडले. 'येतो' म्हणाला नाही. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. दोघं पाठ फिरवून मुकाट्याने जिना उतरून गेले. मी दार लावलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो.